डेडलीएस्ट कॅच: पहिल्या सीझनमधली ती घाई पुढे गेली कुठे?

मृगजळ:
प्रश्न जरा वेडगळ वाटेल पण घरात गेले आठ दिवस यावरून वाद चालू आहे म्हणून विचारतेय. सासरे मूळचे हर्णैचे, त्यांच्या वडिलांची होडी होती, स्वतः मात्र जन्मभर डोंबिवली-सीएसटी केलं. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे दिवसभर टीव्हीसमोर, सिरियली त्यांना आवडत नाहीत, बातम्या लावल्या की बीपी वाढतं, म्हणून माझ्या मुलाने त्यांना डेडलीएस्ट कॅच लावून दिलं, ते डिस्कवरीचं, अलास्काच्या बेरिंग समुद्रात खेकडे पकडणाऱ्या बोटींवरचं. झालं! आता सकाळी चहाबरोबर एक एपिसोड, दुपारी दोन, आणि रात्री आम्हाला जेवताना त्याचं कीर्तन. कॅप्टनला तांडेल म्हणतात, नॉर्थवेस्टर्न बोटीचा सिग हॅन्सन हा "मोठा तांडेल" आणि टाइम बँडिटवाले दोघे हिलस्ट्रँड भाऊ म्हणजे "ते टवाळ". ट्रिप सुरू होताना नॉर्थवेस्टर्नवर कच्च्या हेरिंग माशाचं मुंडकं दातांनी तोडतात ते बघून म्हणाले आम्ही नारळ सोडायचो, बरे होतो.

तर त्यांचा प्रश्न. पहिल्या सीझनमध्ये ठराविक दिवशी ठराविक वेळेला सगळ्या बोटी एकदम सुटतात, तीन-चार दिवस कोणी झोपत नाही, आणि मग सरकार सांगतं की बंद, संपला किंग क्रॅबचा मोसम. मधले काही सीझन आम्हाला मिळाले नाहीत म्हणून पुढचे लावले तर तिथे घाईच नाही! एकेक बोट आठवडे न् आठवडे बाहेर आहे, कॅप्टन सारखा कोटा कोटा करतोय. सासऱ्यांचं म्हणणं, एक तर आधीची शर्यत टीव्हीवाल्यांनी बनवलेली होती नाहीतर मध्ये काहीतरी मोठं घडलंय. माझा नवरा म्हणतो खेकडे वाढले असतील. कोणाला नक्की माहीत आहे का? आणि एकूणातच यातलं खरं किती असतं?

अजून एक, टाकीतला मेलेला खेकडा निघाला की एवढी बोंबाबोंब का करतात? आपल्याकडे कुर्ल्या जिवंतच घेतात हे ठीक आहे पण हे तर बर्फाच्या देशात आहेत, बर्फात टाकून आणा की.

कृपया पुढचं काही फोडू नका, ते अजून पाचव्या सीझनवर आहेत.

पॉपकॉर्न:
ताई सगळं टीव्ही आहे हो. प्रत्येक बोटीवर कॅमेरावाले असतात, वर ठिकठिकाणी फिक्स कॅमेरे लावलेले, शेकडो तासांचं शूटिंग करायचं आणि त्यातून बेचाळीस मिनिटं काढायची म्हणजे कात्री लागणारच. २००८ मध्ये तर पेपरात आलं होतं की विझार्ड बोटीच्या एपिसोडमध्ये एका दिवसाची लाट आणि वेगळ्याच दिवसाची बोटीतली गळती असं जोडून एकच वादळ केलं होतं. दर ब्रेकच्या आधी तो निवेदक माइक रो असा आवाज लावतो की आता बोट बुडालीच आणि ब्रेकनंतर बघावं तर कोणाच्या तरी पायावर दोरी पडलेली असते :) पण म्हणून मजा कमी होत नाही. कॅप्टन फिल गेला तेव्हा मी हॉस्टेलवर ढसाढसा रडलो होतो.

मृगजळ:
अहो!! फोडू नका म्हणाले ना. कॉर्नेलिया मरीचा फिल म्हणजे सासऱ्यांचा सगळ्यात लाडका आहे.

पॉपकॉर्न:
सॉरी सॉरी सॉरी. त्यांना हा धागा दाखवू नका.

सिअ‍ॅटलकर:
शर्यत खरी होती, शंभर टक्के. आणि नवऱ्याला सांगा खेकडे वाढले नाहीत, कायदा बदलला.

मी सिअ‍ॅटलला राहतो, यातल्या बऱ्याच बोटींचं घर इथेच, बॅलार्ड नावाच्या भागाला लागून फिशरमेन्स टर्मिनल म्हणून गोदी आहे तिथे. नॉर्थवेस्टर्नपण इथलीच, १९७७ साली बांधलेली. ऑफ सीझनला आपण आरामात धक्क्यावर फिरू शकतो, कोणी हटकत नाही. पाहुणे आले की मी हमखास नेतो, आणि टीव्हीवर राक्षसासारखे वाटणारे ते लोखंडी पिंजरे समोर रचून ठेवलेले दिसले की मग सगळ्यांना कळतं. सात फूट बाय सात फूट, रिकामा पिंजरा साडेतीनशे किलोच्या आसपास. असे दीडशे-दोनशे डेकवर रचतात. बॅलार्डमध्ये नॉर्वेहून आलेली जुनी घराणी आहेत, हॅन्सन लोकपण मूळ नॉर्वेच्याच कार्मॉय बेटाकडचे, म्हणजे यांच्यातही पिढीजात कोळी हा प्रकार आहे, सासऱ्यांना सांगा.

आता मुद्दा. पूर्वी पद्धत अशी होती की सरकार एकूण आकडा ठरवायचं, यंदा सगळ्यांनी मिळून इतके पौंड खेकडे काढायचे बस्स. कोणी किती काढायचे ते ठरलेलं नाही. म्हणजे जो आधी भरेल त्याचं. अडीचशेच्या आसपास बोटी एकाच क्षणी तुटून पडायच्या आणि तो एकूण आकडा भरत आला की अलास्काचं मासेमारी खातं सीझन बंद करायचं. बेरिंग समुद्रातल्या ब्रिस्टल बेचा लाल किंग क्रॅबचा सीझन त्या काळात तीन ते पाच दिवसांतच उरकायचा. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा तेवढ्यात. मग वादळ असो, ताप असो, बोटं मोडलेली असोत, जायचं म्हणजे जायचं, कारण तुम्ही धक्क्यावर थांबलात तर तुमचे खेकडे शेजारचा नेणार. याला ते लोक डर्बी म्हणायचे.

कार्यक्रम एप्रिल २००५ ला टीव्हीवर आला. पहिल्या सीझनचं शूटिंग त्याच्या आधीच्या ऑक्टोबर-जानेवारीचं. आणि नशीब बघा, तीच शेवटची डर्बी ठरली. २००५ च्या ऑगस्टपासून नवीन पद्धत लागू झाली, प्रत्येकाच्या जुन्या रेकॉर्डवरून त्याला एकूण आकड्यातला टक्का ठरवून दिला, तोच तो कोटा. तुझा टक्का तुझाच, ऑक्टोबरमध्ये धर नाहीतर नोव्हेंबरमध्ये धर. एका रात्रीत शर्यत खलास. म्हणजे कॅमेरावाल्यांनी एका मरत्या पद्धतीचा अगदी शेवटचा मोसम पकडला आणि त्यांना अर्थातच तेव्हा कल्पना होती की हे बदलणार, पण कार्यक्रम पुढे पंधरा-वीस वर्षं चालेल असं काही वाटलं नसणार.

मेलेल्या खेकड्याचं: खेकडा मेला की लगेच सडायला लागतो, विषारी होतो, आणि टाकीत शेजारचे पण मारतो. बर्फात घालून चालत नाही. बोटीच्या पोटात मोठ्या टाक्या असतात, त्यात सतत समुद्राचं ताजं पाणी पंपाने खेळवत ठेवतात आणि फॅक्टरीला जिवंत खेकडाच द्यावा लागतो. मेलेल्याचा पैसा मिळत नाही. म्हणून पंप बंद पडला की कॅप्टनचा चेहरा तसा होतो, त्यात ॲक्टिंग नाही.

निवृत्त_दर्यावर्दी:
वर सिअ‍ॅटलकरांनी छान लिहिलंय, थोडी भर आणि थोडा विरोध.

मी मर्चंट नेव्हीत होतो, चीफ ऑफिसर म्हणून उतरलो. जपान-कोरियाहून व्हँकुव्हर किंवा सिअ‍ॅटलला जाताना जवळचा रस्ता वर अल्यूशन बेटांना घासून जातो, युनिमॅक पासमधून आम्ही किती वेळा गेलोय त्याची गणती नाही. हे लोक जिथून सुटतात ते डच हार्बर तिथून जवळच. आमचं दोनशे मीटरचं जहाज जानेवारीत तिथे असं काही हलायचं की चिफ कूक डाळ शिजवायचं सोडून द्यायचा, ब्रेड न् अंडी खा म्हणायचा. आणि त्या अंधारात कुठेतरी लांब एक पिवळा दिव्यांचा पुंजका दिसायचा, वर जातोय खाली जातोय, मध्येच नाहीसा होतोय. दुर्बिणीतून बघितलं तर चाळीस मीटरची बोट, आणि डेकवर माणसं काम करतायत! आमच्याकडे अशा हवेत डेकवर जायला कॅप्टनची परवानगी लागते. मी तेव्हा थर्ड मेट होतो, ब्रिजवर उभा राहून नुसता बघत राहिलो होतो.

तर शर्यत हे मरण्याचं एक कारण झालं, बोट बुडण्याचं कारण वेगळं असतं ते समजून घ्या. बोट बुडते ती वजनाने नाही, वजन कुठे आहे त्याने. ते पिंजरे डेकवर रचले की बोटीचा जडपणा वर चढतो. त्यात थंडी. समुद्राचं पाणी उडतं आणि लोखंडावर पडल्या पडल्या गोठतं. पिंजरा म्हणजे जाळी, त्यात बर्फ धरायला जागाच जागा, काही तासांत टनांनी बर्फ चढतो आणि तोही सगळा वरच्या बाजूला. मग बोट एका कुशीवर गेली की परत सरळ व्हायला वेळ लावते, आळसावल्यासारखी. ही खूण तांडेलाला पोटात कळते. एपिसोडमध्ये ते लोक रात्री दोन वाजता मोठे हातोडे घेऊन बर्फ फोडतात ना, ते टीव्हीसाठी नाही हो, ते नाही केलं तर पालथे होतील. तसंच टाकी. टाकी एक तर पूर्ण भरलेली पाहिजे नाहीतर पूर्ण रिकामी, अर्धी टाकी असली की आतलं पाणी बोटीबरोबर एका बाजूला धावतं आणि उलथवायला मदत करतं. बादली घेऊन चालून बघा.

पहिल्या सीझनमध्ये बिग व्हॅली नावाची बोट बुडाली ते सासऱ्यांनी बघितलं असेल (पहिलाच सीझन आहे म्हणून लिहितोय, पॉपकॉर्नसारखं नको व्हायला). १५ जानेवारी २००५. सहा माणसं, एकच वाचला, तो सर्व्हायवल सूट घालून राफ्टपर्यंत पोचला म्हणून. कोस्ट गार्डच्या चौकशीत निघालं ते हेच, बोटीला जितके पिंजरे न्यायची परवानगी होती त्याच्या कितीतरी जास्त लादले होते.

आता विरोध. सगळं श्रेय कोट्याला देऊ नका. १९९० च्या दशकात या एका खेकड्याच्या धंद्यात वर्षाला सरासरी सात-आठ माणसं मरत होती. हा आकडा खाली यायला सुरुवात झाली ती कोट्याच्या आधीच. १९९९ च्या ऑक्टोबरपासून कोस्ट गार्डने सीझन सुरू व्हायच्या आधी धक्क्यावर येऊन पिंजरे मोजायला सुरुवात केली. तुझ्या कागदावर किती लिहिलेत, डेकवर किती आहेत. जास्त असतील तर उतरव, मग जा. एवढीच साधी गोष्ट. आमच्या धंद्यात पण असंच आहे, मोठमोठ्या परिषदा होतात आणि शेवटी जीव वाचतो तो कुणीतरी शिडी चढून वर आला आणि मोजलं म्हणून.

सिअ‍ॅटलकर:
मान्य, ते मी लिहायला पाहिजे होतं. पण काका एक सांगा, डर्बी चालू असती तर पिंजरे मोजून झाल्यावर सुद्धा माणूस चार दिवस न झोपता काम करतच राहिला असता ना? कोट्यानंतर निदान वादळात आडोशाला थांबायची सोय झाली. २००५ नंतर या खेकड्याच्या ताफ्यात मृत्यू फारच कमी झाले हेही खरं आहे.

निवृत्त_दर्यावर्दी:
सोय झाली म्हणजे थांबतात असं नाही. फॅक्टरीची उतरवायची तारीख ठरलेली असते, ती चुकली तर रांगेत मागे. २०१७ च्या फेब्रुवारीत डेस्टिनेशन नावाची बोट गेली, सहाच्या सहा माणसं, कोट्याच्याच काळात. सेंट जॉर्ज बेटाजवळ. परत तेच, बर्फ आणि वजन. शर्यत कायद्यातून गेली तरी कॅप्टनच्या डोक्यातून जायला वेळ लागतो. बाकी तुमचा मुद्दा बरोबर आहे, भांडत नाही.

वर्सोव्याचा_पोर:
मी हा कार्यक्रम तुकड्या तुकड्यात बघितलाय, बाबांबरोबर. आमची डोलीची बोट आहे (डोल म्हणजे समुद्रात एका जागी लावायचं पिशवीसारखं जाळं). मला सिअ‍ॅटलकर दादांना एकच विचारायचंय. तो टक्का वाटला ना सरकारने, तो कोणाला वाटला? खलाश्याला काय मिळालं?

कारण आमच्याकडे काय आहे, डिझेल, बर्फ, रेशन काढायचं आणि उरेल त्यात अर्धं बोटीचं आणि अर्धं माणसांचं, निदान आमच्या बोटीवर तरी असंच, आता पगारी खलाशी ठेवतात ते वेगळं. पण समुद्र कोणाच्या नावावर नाही. उद्या कोणी येऊन बोललं की बोंबलातला इतका टक्का तुझा आणि इतका त्याचा आणि मालकाच्या नावावर करून दिला तर आमच्या खलाश्यांनी करायचं काय?

आणि शर्यत म्हणाल तर आमच्याकडे अजून चालूच आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी असते यांत्रिक बोटींना. पहिले नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा मग बोट बाहेर, मधेच दर्या खवळलेला असायचा तर म्हातारे लोक थांबायला लावायचे. आता १ ऑगस्ट उजाडला की सुटले. बाबा बोलतात पाण्याचा रंग बघा, अजून उतरलं नाही, थांबा चार दिवस. पण आपण थांबलो तर पहिला मावरा दुसरा घेऊन येतो आणि पहिल्या मावऱ्यालाच भाव असतो. एकदा आम्ही पण गेलो दुसऱ्याच दिवशी, डोल लावायच्या आधीच लाटेने केबिनची काच फुटली, बाबांच्या कपाळावर पाच टाके. परत आलो, ट्रिप फुकट, डिझेलचे पैसे अंगावर. आईने आठवडाभर दोघांशी बोलणं सोडलेलं. म्हणून तो पहिला सीझन बघताना बाबा हसत नव्हते, बाकी सगळ्यावर हसतात.

एक गोष्ट मात्र मला त्यांची जाम आवडली. मापाची पट्टी. खेकडा वर आला की पट्टी लावायची, मादी असेल तर परत पाण्यात, नर पण लहान असेल तर परत. किंग क्रॅबला पाठीची रुंदी साडेसहा इंच पाहिजे बोलतात. आपल्याकडे पण २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या माशांची कमीत कमी साइज ठरवून दिली, कागदावर आहे, पण बंदरावर पट्टी घेऊन उभा राहिलेला माणूस मी अजून बघितला नाही. बोटभर पापलेट विकायला येतं तेव्हा बाबा तोंड फिरवतात.

सिअ‍ॅटलकर:
दादा नस पकडलीत. सांगतो.

वाटप झालं ते असं. मासेमारीच्या हक्कातले ९७ टक्के लायसन्सवाल्यांना, म्हणजे बोटींच्या मालकांना. ३ टक्के कॅप्टनांना. डेकवरच्या खलाश्याला शून्य. बोटं गमावलेली, वीस वीस वर्षं पिंजरे ढकललेली माणसं, त्यांच्या नावावर काही नाही. वर अजून गंमत, फॅक्टऱ्यांनाही हक्क दिले, म्हणजे मालकाने धरलेल्या मालातला मोठा भाग ठरलेल्या फॅक्टऱ्यांनाच द्यायचा. यावरून तेव्हा इथे भरपूर भांडणं झाली आणि अजून होतात.

आणि मग पुढची पायरी. ज्याच्याकडे दोन बोटींचा टक्का आहे तो दोन बोटी कशाला चालवेल? एका बोटीवर दोघांचा माल. अडीचशेच्या आसपास बोटी होत्या त्या पुढच्या एकाच मोसमात नव्वदच्या आत आल्या. उरलेल्या धक्क्याला. त्यावरचे खलाशी घरी. ज्यांची नोकरी राहिली त्यांना काम जास्त दिवस मिळालं आणि सुरक्षितही झालं हे खरं, पण काही मालक आता बोटच चालवत नाहीत, टक्का भाड्याने देतात, आणि ते भाडं आधी कापून मग उरलेल्यात खलाश्यांचा वाटा लागतो. कार्यक्रमात हे फारसं येत नाही कारण त्यात लाट नाही. ऑफिसात बसून टक्क्याचं भाडं खाणारा माणूस कॅमेऱ्यात काय दाखवणार?

पण शर्यत ठेवावी असं कोणी म्हणणार नाही. मी स्वतः गोंधळलेला आहे यात. गोदीवर एक म्हातारा जाळी शिवत बसलेला असतो, त्याच्याशी माझी ओळख झालीय, तो डर्बीच्या दिवसांबद्दल असा बोलतो जसे माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायचे, म्हणजे वाईट होतं म्हणतो पण डोळे चमकतात.

पॉपकॉर्न:
बापरे मी एवढे सीझन बघितले आणि हे काहीच माहीत नव्हतं. एक विचारू का, मध्ये कुठेतरी ऐकलं की खेकडेच संपले म्हणून सीझन बंद केला होता, ते कार्यक्रमातलं नाटक का खरं?

सिअ‍ॅटलकर:
खरं. आणि माझ्या मते सगळ्यात भीतीदायक भाग हाच आहे, लाटांपेक्षा.

दोन प्रकारचे खेकडे आहेत हे आधी लक्षात घ्या. ऑक्टोबरमध्ये लाल किंग क्रॅब, तो मोठा, महाग. आणि जानेवारीपासून ओपिलिओ, ज्याला हॉटेलात स्नो क्रॅब म्हणतात, तो लहान पण संख्येने प्रचंड. २०१८-१९ मध्ये बेरिंग समुद्र विचित्र तापला. हिवाळ्यात जो समुद्री बर्फ व्हायचा तो झालाच नाही नीट. त्या बर्फामुळे तळाशी दोन अंशाच्या खालचं गार पाणी साठून राहतं, ओपिलिओची पिल्लं त्या गारव्यात वाढतात आणि कॉड मासा त्या गारव्यात सहसा शिरत नाही. तो गारवाच गेला. २०२१ च्या मोजणीत लोकांनी जाळी ओढली तर खेकडे नाहीत. सुमारे दहा अब्ज खेकडे नाहीसे झाले. आधी सगळ्यांना वाटलं कुठेतरी खोल पाण्यात गेले असतील, किंवा रशियाच्या बाजूला. २०२३ मध्ये इथल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आला, त्यात निघालं की ते उपाशी मेले. पाणी गरम झालं की खेकड्याला भूक जास्त लागते, आणि एवढ्या दाटीत खायला पुरलं नाही.

२०२०-२१ मध्ये ओपिलिओचा कोटा साडेचार कोटी पौंड होता. पुढच्या वर्षी तो ५६ लाखांवर आणला आणि त्याच्या पुढे २०२२-२३ ला पूर्ण बंद, इतिहासात पहिल्यांदा. ब्रिस्टल बेचा किंग क्रॅब तर सलग दोन वर्षं बंद होता, २०२१ आणि २०२२ चे मोसम. किंग क्रॅबला हे नवीन नाही, १९८० साली तेरा कोटी पौंड निघाला होता आणि १९८३ ला बंद करावा लागला. आता परत दोन्ही उघडलेत पण चिमूटभर, ओपिलिओ २०२४ च्या ऑक्टोबरला उघडला तो ४७ लाख पौंडांवर.

म्हणजे बघा, पिंजऱ्याला सुती दोऱ्याची शिवण सक्तीची आहे, का तर पिंजरा हरवला तर तो दोरा कुजून आतले खेकडे सुटावेत, मेलेल्या पिंजऱ्याने मासेमारी करत राहू नये. इतकी बारीक काळजी. माप आहे, कोटा आहे, मोजणी आहे. आणि पाणीच तापलं.

वर्सोव्याचा_पोर:
सुती दोऱ्याचं भारी आहे. आमच्याकडे तुटलेली नायलॉनची जाळी वर्षानुवर्षं खाली पडून राहतात, कधी कधी आमच्याच डोलीत येतात, आत मेलेल्या चिंबोऱ्या. बाबांना सांगितलं हे, बोलले दोरा कुठल्या नंबरचा.

सिअ‍ॅटलकर:
हाहा, तीस धाग्यांचा सुती दोरा, त्याहून जाड चालत नाही असा नियम आहे.

निवृत्त_दर्यावर्दी:
मृगजळ ताई, तुमच्या सासऱ्यांना अजून एक सांगा, गळ फेकून बोया (पिंजऱ्याच्या दोरीला बांधलेला तरंगता गोळा) पकडतात तो माणूस बघायला. आकडा भिरकावून चालत्या बोटीतून बोयाची दोरी पहिल्या फेकीत पकडायची, हात गारठलेले, बोट वरखाली. सगळा कॅमेरा लाटेवर असतो पण त्या बोटीवर कसब बघायचं तर ते आहे. आणि दोरी पाण्यातून वेगात येत असते तेव्हा तिच्या वेटोळ्यात पाय न ठेवणं. आम्ही नवीन पोरांना सगळ्यात आधी हेच शिकवायचो, दोरीच्या वेटोळ्यात उभा राहू नकोस, बाकी सगळं नंतर शीक.

मृगजळ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. फिलचा भाग गाळून बाकी सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. शर्यत खरी होती हे ऐकून एकदम खूश, नवऱ्याकडे असं बघितलं की विचारू नका. डेकवरच्या माणसाला शून्य मिळालं हे मात्र दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्या बाबांनी होडी विकली तेव्हा खलाशी तीन होते, त्यांना पण काही दिलं नव्हतं, आम्ही विचारलंच नाही कधी. हे आम्ही घरात कोणीच ऐकलेलं नव्हतं. सासूबाईपण स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

दर्यावर्दी काका, तुमची बादलीची गोष्ट त्यांनी लगेच करून बघितली, वॉकर घेऊन, अर्धी बादली. फरशी पुसायला मी.

आता पहिला सीझन परत सुरू केलाय. यावेळी दर एपिसोडला रिमोटवर पॉज करून डेकवरचे पिंजरे मोजतायत, वहीत लिहितायत.

पॉपकॉर्न:
ताई एकच विनंती, सहावा सीझन लावाल तेव्हा त्यांना एकट्याने बघायला बसवू नका.